महाविद्यालय बदलण्याआधी जमवायचे कागद

पदवीचे प्रथम वर्ष संपवून दुसऱ्या वर्षाला महाविद्यालय बदलणाऱ्याने सर्वांत आधी हे पाहावे, की बदल एकाच विद्यापीठाच्या आत आहे की विद्यापीठही बदलणार आहे. विद्यापीठ तेच राहणार असेल, तर दोन्ही महाविद्यालयांचे ना हरकत प्रमाणपत्र, विद्यापीठाची परवानगी आणि जुन्या महाविद्यालयाचा सोडल्याचा दाखला (टीसी) यांवर बहुतेक काम भागते. पुण्याहून मुंबईला किंवा कोल्हापूरहून पुण्याला जायचे असेल, तर जुन्या विद्यापीठाचे मायग्रेशन (विद्यापीठ सोडल्याचे प्रमाणपत्र) आणि नव्या विद्यापीठाची पात्रता (तिथे प्रवेशास पात्र असल्याची मान्यता) हे दोन टप्पे वाढतात. टीसी महाविद्यालय देते आणि मायग्रेशन विद्यापीठ देते. टीसी हातात आली म्हणजे मायग्रेशनही झाले, असे कृपया समजू नका.

गुणपत्रिका, दहावी-बारावीची प्रमाणपत्रे, आधार आणि छायाचित्रे यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. राखीव जागेवर प्रवेश हवा असेल, तर जातवैधता आणि लागू असल्यास चालू वर्षात वैध असलेले नॉन-क्रीमीलेअर आधीच हाताशी ठेवावे, कारण ही दोन्ही प्रमाणपत्रे ऐनवेळी मिळत नाहीत.

आता मुख्य कागद. उत्तीर्ण केलेल्या प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाची शिक्का आणि सही असलेली प्रत सोबत न्या. बहुतेक छापील याद्यांत हा कागद ठळकपणे दिलेला नसतो, म्हणूनच तो राहतो. पहिल्या वेळी माझाही राहिला आणि केवळ त्यामुळे अर्ज पात्रता विभागातून परत आला. गुणपत्रिकेवर विषयाचे नाव, श्रेयांक (क्रेडिट) आणि गुण असतात, पण त्या नावाखाली काय शिकवले गेले हे तिच्यावरून कळत नाही, आणि समकक्षता, म्हणजे दोन्हीकडचा अभ्यास सारखा आहे का, हे ठरवणाऱ्याला नेमके तेच पाहायचे असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पहिल्या वर्षाचे श्रेयांक 40 ते 44 असतात, त्यामुळे दोन विद्यापीठांची बेरीज सहज जुळते. परंतु मुख्य विषय, मायनर (दुय्यम विषय), खुले ऐच्छिक आणि कौशल्याचे विषय यांची मांडणी जुळेलच असे नाही. जो विषय जुळला नाही, तो दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाबरोबर जादा परीक्षा देऊन भरून काढावा लागू शकतो, किंवा प्रवेशच नाकारला जातो.

संकेतस्थळावरून छापून काढलेली प्रत चालेल, असे गृहीत धरू नका. प्रत्येक पानावर विभागप्रमुखांची किंवा प्राचार्यांची सही आणि महाविद्यालयाचा गोल शिक्का घ्या, आणि अभ्यासक्रम कोणत्या शैक्षणिक वर्षापासून लागू होता हे त्यावर लिहिलेले आहे ना, ते तिथेच उभे राहून तपासा. अभ्यासक्रम बदलत राहतात आणि पुढच्या तुकडीचा अभ्यासक्रम तुमच्या कामाचा नसतो. फर्ग्युसन, रुईया किंवा झेवियर्स यांसारख्या स्वायत्त महाविद्यालयातून बाहेर पडत असाल, तर विद्यापीठ तेच राहिले तरी ही प्रत लागेल असे धरून चला, कारण स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवते. ही प्रत परीक्षा संपायच्या आत घ्या. मे महिन्याच्या सुट्टीत विभागप्रमुख गावाला गेलेले असतात, कार्यालयातील लिपिक त्यांच्यावतीने सही करू शकत नाही, आणि जूनमध्ये महाविद्यालय उघडेपर्यंत तिकडच्या रिक्त जागा भरू लागलेल्या असतात.

त्यानंतर श्रेयांकांचे खाते पाहावे. डिजिलॉकरमधून काढलेला एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे श्रेयांकांच्या खात्याचा) क्रमांक 12 अंकी असतो. त्या खात्यात दोन्ही सत्रांचे श्रेयांक प्रत्यक्ष जमा झालेले दिसतात का, हे तपासावे. दिसत नसतील, तर जुन्या महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. आधारवरील आणि गुणपत्रिकेवरील नावात एका अक्षराचाही फरक असेल, तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा. श्रेयांक जमा असले, तरी अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत लागतेच; एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

क्रमाबाबत कोणीही घाई करू नये. नव्या महाविद्यालयाकडून जागा देत असल्याचे लेखी पत्र मिळेपर्यंत टीसी काढू नये, कारण टीसी घेतली की जुना प्रवेश संपतो आणि नवा प्रवेश अडला तर वर्ष हातचे जाते. पत्र, मग जुन्या महाविद्यालयाचे ना हरकत, मग ग्रंथालय आणि प्रयोगशाळांचे नो ड्यूज (काही देणे बाकी नसल्याचे पत्र), मग टीसी आणि शेवटी मायग्रेशन, हा क्रम पाळावा. टीसी जमा करण्यापूर्वी तिच्या प्रती काढाव्यात. दुसरी प्रत मिळवणे फार कटकटीचे असते. मूळ प्रमाणपत्रे कोणी अडकवून ठेवत असेल, तर ती ठेवून घेण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाई आहे, हे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे. केटी (अनुत्तीर्ण राहिलेला विषय) शिल्लक असेल, तर ती लपवू नये; गुणपत्रिकेवर ती दिसणारच आहे.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज प्रलंबित असेल, तर टीसीपूर्वीच तो पुढे पाठवून घ्यावा, कारण पहिली छाननी महाविद्यालयाच्याच लॉगिनमधून होते. अनामत रक्कम मागावी, पावती शोधून ठेवावी. वसतिगृह, बँकेतील पत्ता आणि रेल्वेची सवलत ही कामे प्रवेशानंतर केली तरी चालतात.

अर्ज देताना कागद याच क्रमाने लावावेत: पत्र, गुणपत्रिका, अभ्यासक्रमाची प्रत, टीसी, मायग्रेशन. अभ्यासक्रमाची प्रत दोन संचांत ठेवावी, कारण एक संच पात्रता विभागाकडे जातो. सुरुवातीला मिळणारी पात्रता तात्पुरती असते. ती कायम झाली का, हे परीक्षेचा अर्ज भरायच्या आधी खिडकीवर जाऊन विचारावे.