बाखचा ऑर्गन स्टोकोव्स्कीच्या ऑर्केस्ट्रात कसा ऐकायचा

योहान सेबास्टियन बाख १७५० मध्ये लाइपझिगमध्ये वारला आणि लिओपोल्ड स्टोकोव्स्की १८८२ मध्ये लंडनला जन्मला, म्हणजे मधे १३२ वर्षं. तरी या दोघांना जोडणारी गोष्ट एकदम साधी आहे, दोघंही मुळात ऑर्गन (पाइपांत हवा सोडून वाजणारं चर्चमधलं मोठं वाद्य) वाजवणारे. बाखला त्याच्या हयातीत लोक कंपोझरपेक्षा ऑर्गनवाला म्हणूनच जास्त ओळखायचे आणि स्टोकोव्स्की कंडक्टर व्हायच्या आधी लंडनच्या आणि मग १९०५ पासून न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये ऑर्गनवर बसायचा. १९१२ मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा त्याच्या हातात आला आणि तिथे त्याने बाखच्या ऑर्गनच्या रचना सगळ्या ऑर्केस्ट्रासाठी मांडायचा सपाटा लावला. हे डोक्यात ठेवून ऐकलं की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात, नाहीतर नुसता मोठा आवाज वाटतो. मला पहिल्यांदा तसाच वाटला होता.

आधी रचना नीट शोधा. नुसतं "टोकाटा अँड फ्यूग डी मायनर" टाकलं तर घोळ होतो कारण बाखच्या नावावर त्याच नावाच्या दोन रचना आहेत. आपल्याला हवी ती बीडब्ल्यूव्ही ५६५ (बीडब्ल्यूव्ही म्हणजे बाखच्या रचनांच्या यादीतला नंबर), दुसरी ५३८, तिला डोरियन म्हणतात, तीही भारी आहे पण आज ती नको. या नंबरवर आधी एक ऑर्गनचं रेकॉर्डिंग काढा, हेल्मुट वाल्खा या जर्मन ऑर्गनवाल्याचं चालेल, आणि मग स्टोकोव्स्कीचं. त्याची बरीच आहेत, पहिलं १९२७ चं आहे, ऐतिहासिक वगैरे ठीक पण खरखर असते, सुरुवातीला नंतरच्या काळातलं घ्या. १९४० च्या फँटेशिया सिनेमाची सुरुवातही याच रचनेने होते, पण पहिल्या वेळी तो बघू नका. चित्रं हलायला लागली की कान झोपतात.

आणि प्लीज मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. मी तेच केलं होतं आणि ऑर्गनचा पायाखालचा भागच गायब. ऑर्गनला हातांसाठी कीबोर्ड असतात तसे पायांसाठी पेडल असतात आणि तिथला सगळ्यात खालचा सूर १६ फुटी पाइपमधून येतो तेव्हा तो साधारण ३३ हर्ट्झचा असतो, मोबाईलचा एवढासा स्पीकर तो देऊच शकत नाही. साधे हेडफोन घ्या, महागाचे नकोत.

आता पहिलं एकच मिनिट, बाकी नंतर. आधी ऑर्गन. तो प्रसिद्ध झटका येतो, सूर धडधड खाली घसरतो, शांतता. परत तेच, अजून खालून. मग पेडलवर एक खर्जातला डी धरून ठेवलेला असतो आणि त्याच्यावर एकेक सूर येऊन बसत जातो, थर लावल्यासारखा, शेवटी सगळं मिळून एक कर्कश ताणलेला कॉर्ड होतो आणि तो सुटतो. इथे कान द्या: नवीन आलेला प्रत्येक सूर आला की पूर्ण ताकदीनेच येतो. ऑर्गनची की हळू दाबा नाहीतर जोरात, पाइपमधून आवाज तेवढाच निघतो. जोर वाढवायचा तर अजून सूर जोडा किंवा अजून स्टॉप (पाइपांचा एकेक संच चालू करणाऱ्या खुंट्या) ओढा, दुसरा इलाज नाही.

आता हाच तुकडा स्टोकोव्स्कीकडे ऐका. व्हायोलिनवाला एकच सूर धरून तो फुगवू शकतो, त्यामुळे तोच कॉर्ड इथे थर लावत नाही, पोटातून वर चढत येतो. माझ्या मते दोघांमधला सगळा फरक या काही सेकंदांत आहे. इथे दोनतीनदा मागेपुढे करा, कंटाळा आला तरी करा.

मग प्रश्न येतो की एवढा मोठा ऑर्केस्ट्रा ऑर्गनसारखा सलग कसा वाजतो. ऑर्गनला दम लागत नाही, भात्यात हवा आहे तोवर सूर चालूच. व्हायोलिनचा गज मात्र टोकाला पोचला की फिरवावा लागतो आणि नेहमीच्या ऑर्केस्ट्रात सगळे एकाच वेळी फिरवतात, म्हणून तिथे बारीकसा सांधा ऐकू येतो. स्टोकोव्स्कीने सांगितलं की ज्याने त्याने आपापल्या सोयीने गज फिरवा, एकाचा फिरत असताना शेजारच्याचा चालू पाहिजे. फुंकून वाजवणाऱ्यांनाही तसंच, सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. त्याच्या जुन्या व्हिडिओत बघा, एका रांगेतले गज वर, खाली, मधेच, कुणाचा कुणाला मेळ नाही आणि आवाज मात्र अखंड. (कंडक्टरची काठीही त्याने सोडून दिली होती, रिकाम्या हातांनी करायचा.) लोक याला शोबाजी म्हणतात आणि थोडी होतीच, पण गजाची युक्ती ही ऑर्गनवाल्याच्या कानातूनच सुचलेली वाटते मला.

फ्यूगला, म्हणजे एकच थीम वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येत जाते त्या भागाला, लोक घाबरतात. घाबरू नका, थीम आधी एकटीच येते तेव्हा ती पाठ करा. ५६५ ची थीम पकडायला सोपी आहे कारण त्यात एक सूर, ए, खुंटीसारखा ठोकलेला आहे आणि दुसरे सूर त्याच्याकडे परत परत येऊन जातात. ऑर्गनवर ती थीम दुसऱ्या आवाजात गेली की कधीकधी हरवते कारण रंग तोच राहतो. ऑर्केस्ट्रात वाद्यं बदलत राहतात त्यामुळे "आता ही आली" हे लगेच कळतं. म्हणून फ्यूगसाठी उलटा क्रम लावा, आधी स्टोकोव्स्की, मग ऑर्गन. एकदा कळलं की ऑर्गनवरचंच जास्त आवडायला लागतं, निदान माझं तसं झालं.

बाखच्या काळातल्या वाद्यांवरच वाजवलं पाहिजे म्हणणाऱ्यांना हे सगळं अती गोड वाटतं. बाखचं "कोम झ्युसर टोड" हे गाणं, बीडब्ल्यूव्ही ४७८, स्टोकोव्स्कीच्या मांडणीत ऐकलंत तर त्यांचं म्हणणं थोडं पटेल. मूळ गाणं अगदी साधं, एक गळा आणि खाली बेस, आणि इथे अख्ख्या तंतुवाद्यांचा पूर आहे. मला आवडतं पण रोज नाही.

हे जमलं की पॅसाकाग्लिया, बीडब्ल्यूव्ही ५८२. पेडलवर आठ मापांची एक चाल एकटी वाजते, मग तिच्यावर वीस व्हेरिएशन, म्हणजे तीच चाल दर वेळी नव्या सजावटीत, आणि शेवटी फ्यूग. पहिल्या वेळी बाकी काही ऐकू नका, फक्त ती चाल बोटांवर मोजत रहा. मधे ती पेडल सोडून वरच्या आवाजात जाते, तिथे बहुतेकांची मोजणी चुकते. चुकली की थांबून परत पहिल्यापासून.