फोटोग्राफीच्या क्लाससाठी पहिला कॅमेरा: बघायला जाताना टॉर्च चार्ज आहे ना?

बजेट आणि बॅग यावर घरात काय ते बोलून घ्या. मेगापिक्सेलवर वेळ घालवू नका. २४ मेगापिक्सेल आता सुरुवातीच्या कॅमेऱ्यातही असतात आणि ते भरपूर झाले. एम (मॅन्युअल) मोड हवा, शटर (प्रकाश किती वेळ आत येतो), ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक किती मोठं), आयएसओ (प्रकाशाला किती संवेदनशील) तिन्ही हाताने बदलता आले पाहिजेत. मोबाईलवर भागेल का? नाही भागणार. बहुतेक मोबाईलचं ॲपर्चर बदलतच नाही, आणि क्लासमधले सुरुवातीचे धडे त्यावरच असतात.

नवाकोरा घेणाऱ्यांनी पुढचं थोडं सोडलं तरी चालेल. वापरलेला घेणार असाल तर बॉडीवरचे (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावरचे) ओरखडे, स्क्रीन, फ्लॅश हे सगळेच बघतात. शटर किती वेळा पडलंय, म्हणजे किती फोटो काढून झालेत, ते विचारा. निकॉनच्या फोटोच्या माहितीत तो आकडा सहसा सापडतो, कॅननला बहुधा वेगळं सॉफ्टवेअर लागतं. लग्नाच्या ऑर्डरी मारलेली बॉडी असेल तर आकडा मोठाच निघणार, त्यावरून भाव पाडा.

आता लेन्स, आणि इथे घाई नको. लेन्स बॉडीतून काढा, दोन्ही टोप्या काढा, एका बाजूने टॉर्च तिरकी मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. कॅननची लेन्स काढल्यावर आतला ॲपर्चरचा पडदा उघडाच राहतो. निकॉनच्या बऱ्याच लेन्समध्ये तो मिटतो. मागच्या कडेला बारीक खटका असतो, तो बोटाने सरकवून धरायचा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. साताऱ्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यावर येते तशीच ही काचेवर धरते आणि काचेवरचं कोटिंग खाते. धूळ दोन-चार कण असली तर असू दे, धागे नकोत. मी मागच्या वेळी फोटो काढून बघितले, छान आले, पैसे दिले. टॉर्च मारलीच नाही. थोडी बुरशी फोटोत दिसत नाही हो! सूर्य समोर आला की मग सगळं पांढुरकं येतं. विकणारा म्हणेल, ‘साहेब, आत्ताच साफ केलीय.’ तरी टॉर्च मारा. ओळखीचा असेल तरी मारा. दुकानात सेकंडहँड घेत असाल तरी मारा.

१८-५५ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळते ती) पहिल्या वर्षाला पुरते. क्लासची सहल कासला निघेलच. फुलं बारीक असली तरी ही लेन्स साधारण वीतभर अंतरावरून फोकस घेते. फोकससाठी पठारावर फुलांत आडवं पडायचं नाही, वाटेवरूनच काढा. ठोसेघरच्या धबधब्याला, कासला छत्री धरणारा सोबती हवा, कारण या बॉड्या पावसाच्या नाहीत.

घरी आल्यावर चामडी केसमध्ये कोंबू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत ओल शोषणारं सिलिका जेल. दाण्यांचा रंग बदलला की जेल वाळवा, नाहीतर टॉर्चमध्ये दिसतात ते धागे तुमच्याच डब्यात उगवतील.

कार्ड नामांकित कंपनीचं, ३२ किंवा ६४ जीबी. जादा बॅटरी. चार्जर मिळाला का बघा. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.