मित्रांसोबत फँटसी फिल्म काढायचीय? मग हे बघा

ड्रॅगनचं नंतर बघू, आधी स्टोरी 5-6 मिनिटांत बसवा, कारण पहिल्यांदा करणारे सगळे तासाभराचा पिक्चर लिहून बसतात आणि तो कधीच पुरा होत नाही. मोबाईल चालतो, फक्त सेकंदाला 24 फ्रेम्स असतील तर शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) 1/50 सेकंद ठेवा आणि एक्स्पोजर (उजेडाची सेटिंग) लॉक करा, नाहीतर सीन चालू असताना उजेड वरखाली होतो. राक्षस मोठा दाखवायचाय? त्याला कॅमेऱ्याजवळ उभा करा, हिरोला बराच मागे, दोघांचे पाय फ्रेममध्ये येऊ देऊ नका, आणि दोघंही शार्प दिसायला हवेत म्हणून भर उन्हात वाइड लेन्सने घ्या, बघणारा फसतोच. तलवारी पुठ्ठ्याच्या, वर चंदेरी रंग, तो वाळला की थोडा काळा रंग लावून लगेच फडक्याने पुसायचा, खाचांत राहतो तेवढा राहू द्या, मग लोखंड वाटतं. आम्ही हे केलं नव्हतं, तलवार अगदी जत्रेतली दिसत होती 😅 ग्रीन स्क्रीन (मागचं हिरवं कापड, एडिटला त्याजागी दुसरं दृश्य टाकतात) असेल तर माणूस कापडापासून 6-7 फूट पुढे, नाहीतर केसांना हिरवी झाक येते. आवाज दुसऱ्या मोबाईलवर, टेकच्या सुरुवातीला एक टाळी वाजवा, एडिटला जुळवायला सोपं जातं.