नवे इंजिन चालवण्याआधी रुळांवर नाणे ठेवून पाहा

मॉडेल रेल्वेच्या डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत रुळांना सतत साधारण १४ ते १६ व्होल्टचा पुरवठा असतो आणि त्याच्याच स्पंदांच्या कमीअधिक लांबीतून प्रत्येक इंजिनातील डिकोडर हे छोटे सर्किट आपल्या क्रमांकाचा आदेश ओळखतो. म्हणूनच कसाऱ्याहून इगतपुरीचा घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलणारे दुसरे इंजिन, म्हणजे बँकर, लागतो, तसा प्रसंग नाशिकच्या घरातील टेबलावरही उभा करता येतो. मात्र नवे डिकोडर बहुधा ३ याच क्रमांकावर येतात, त्यामुळे एकेक इंजिन प्रोग्रामिंग ट्रॅकवर, म्हणजे क्रमांक बदलण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर, ठेवून त्याला वेगळा क्रमांक द्यावा. नाहीतर एकाच आदेशावर दोन्ही इंजिने पळतात.

त्याहून महत्त्वाची, पण बहुतेक जण टाळतात अशी चाचणी नाण्याची आहे. मांडणीच्या सर्वांत दूरच्या टोकाला, १६.५ मिलिमीटर गेजच्या दोन्ही रुळांवर १० रुपयांचे नाणे क्षणभर आडवे ठेवावे. कमांड स्टेशनने, म्हणजे रुळांना वीज आणि आदेश पुरवणाऱ्या यंत्राने, तत्काळ पुरवठा तोडला तर ठीक. न तोडल्यास नाणे लगेच उचलावे, कारण तारा बारीक आहेत किंवा जोड सैल आहेत आणि खऱ्या शॉर्टच्या वेळी डिकोडर जळू शकतो. अशा वेळी रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबू नये. टेबलाखालून जाड तारेची मुख्य जोडी फिरवून तिच्यापासून दर मीटरभर अंतरावर रुळांना फीडर, म्हणजे छोट्या जोडतारा, सोल्डर कराव्यात आणि चाचणी पुन्हा करावी.