परदेशातून 'अनलॉक्ड' फोन येतोय? विमानात बसण्याआधी या चुका टाळा

दिवाळीत न्यू जर्सीहून आलेल्या मावसभावाने आईच्या हातात नव्या आयफोनचा खोका ठेवला. आईने आधी खोक्याला हळदकुंकू वाहिलं, मग चष्मा लावून सील फोडलं. मी तिच्या जुन्या फोनमधून सिम काढून नव्या फोनच्या कडा चाचपायला लागले. पिन घालायचं भोक सापडेना. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, खाली नाही. पंधरा मिनिटांनी भावालाच आठवलं, "ताई, तिकडच्या फोनला सिमचा कप्पाच नसतो गं."

फोन अस्सल होता, पूर्ण पैसे मोजून घेतलेला होता आणि खरोखरच अनलॉक्ड, म्हणजे कोणत्याही एका मोबाइल कंपनीला न बांधलेला होता. तरी तो आईच्या हातात नीट चालायला आठवडा गेला. त्याच्या आदल्या वर्षी नात्यातल्याच एका घरी आलेला फोन तर कधी चाललाच नाही. तो लॉक निघाला, आणि हे कळलं तेव्हा देणारा परत अमेरिकेत पोचला होता. दोन्ही घरांत चूक एकच झाली. फोन तपासला गेला तो इथे आल्यावर, म्हणजे परत करायची वाट बंद झाल्यावर.

सील तिथेच फोडा

"सील राहू दे, आईच्या हातूनच उघडू" यामागची माया मला समजते. पण ज्या दुकानातून फोन घेतला, त्याच्या परतीच्या मुदतीतच तो उघडला पाहिजे. ॲपलच्या स्वतःच्या दुकानात ही मुदत १४ दिवस असते. फोन निघण्याच्या आदल्या रात्री घेतला तर ती मुदत असून नसल्यासारखीच. निदान आठवडाभर आधी घ्या, तिथेच उघडा, वाय-फायवर चालू करा आणि बघा. वॉरंटी एरवीही खरेदीच्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे सील जपून तिथे काहीच वाचत नाही.

उघडताना मात्र एक सांभाळा. तपासण्यासाठी स्वतःचा ॲपल आयडी किंवा गूगल खातं टाकलं असेल, तर आधी त्यातून साइन आउट व्हा आणि मगच फोन रिसेट करा. खातं तसंच राहिलं तर आयफोनचं ॲक्टिव्हेशन लॉक किंवा अँड्रॉइडचं फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन जागं होतं आणि फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसतो. मग इथे सकाळी दहा वाजता फोन उघडायचा आणि तिथे मध्यरात्री भावाला उठवायचं, असा प्रकार होतो.

'अनलॉक्ड' म्हणजे नेमकं काय सुटलं?

आपल्याकडे हा शब्द कानावरून जातो, कारण नेटवर्क लॉकची आपल्याला सवयच नाही. २००३ मध्ये आलेले रिलायन्सचे सीडीएमए फोन आणि २०१७ चा जिओफोन, हे दोन मोठे अपवाद सोडले तर भारतात कोणताही फोन घ्या, कोणतंही सिम घाला, असंच चालत आलंय. अमेरिकेत मात्र मोबाइल कंपन्या हप्त्यांवर किंवा मोठी सूट देऊन फोन विकतात आणि तो आपल्याच नेटवर्कला बांधून ठेवतात. हप्ते फिटले आणि ठरलेले दिवस भरले की त्यांच्या नियमाप्रमाणे तो सोडतात.

म्हणजे 'अनलॉक्ड' म्हणजे नेटवर्कची ही गाठ सुटलेली, एवढंच. फोनला भारतातले बँड, म्हणजे नेटवर्कच्या वारंवारतेचे पट्टे, आहेत का, सिमचा कप्पा आहे का, इथे दुरुस्ती मिळेल का, यातलं काहीही तो शब्द सांगत नाही. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम, अनलॉक करणं ही तर निराळीच गोष्ट. तो उघडलेला फोन स्वस्तात मिळाला म्हणून कोणी खूश झालं असेल, तर बँकांची ॲप त्यावर चालायला नकार देऊ शकतात हे लक्षात ठेवा.

खरेदी करतानाची सर्वांत महाग चूक म्हणजे दुकानातल्या मोठ्या अक्षरांतल्या किमतीला भुलणं. ती किंमत बहुधा विशिष्ट कंपनीचं कनेक्शन घेण्याच्या अटीवर असते. ॲपलच्या अमेरिकी संकेतस्थळावर 'कनेक्ट टू एनी कॅरिअर लेटर' हा पर्याय निवडला की सुटा फोन मिळतो. सॅमसंगमध्ये मॉडेल क्रमांकाचा शेवट बघा. अमेरिकेत 'यू' म्हणजे मोबाइल कंपनीचा फोन आणि 'यू१' म्हणजे कारखान्यातूनच अनलॉक्ड. आणखी एक फसवा प्रकार आहे. काही साखळी दुकानांतला फोन विकताना मोकळा असतो, पण त्यात जे पहिलं सिम पडेल त्याच कंपनीला तो चिकटतो. म्हणून "आत्ता लॉक नाही" या तोंडी उत्तरावर थांबू नका. बिलावर 'अनलॉक्ड' हा शब्द लिहून घ्या.

आयफोनवर खात्री करणं सोपं आहे. सेटिंग्ज, मग जनरल, मग अबाउट. खाली 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं दिसलं पाहिजे. पहिलं सिम चालू केल्यावर हीच ओळ पुन्हा एकदा बघा. अँड्रॉइडमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम घालून कॉल लावून बघणं हाच भरवशाचा मार्ग. सॅमसंगच्या अनेक खोक्यांवर एक बारीक स्टिकर असतो: ज्या भागात फोन विकला, तिथल्या सिमवरून आधी एकूण पाच मिनिटं बोला, मगच तो दुसऱ्या भागातलं सिम घेईल. हे न वाचता दुबईहून थेट चिपळूणला आणलेला फोन सिम नाकारतो आणि आपण त्याला लॉक समजतो.

'सिम नॉट सपोर्टेड' आलं तर

आधी दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघा, म्हणजे सिमचाच दोष नाही हे कळेल. तरी तोच संदेश आला आणि सॅमसंगच्या त्या पाच मिनिटांच्या अटीचा प्रश्न नसेल, तर फोन बहुधा लॉक आहे. तो सोडवू शकते फक्त मूळ मोबाइल कंपनी. फोन ज्याच्या खात्यावर घेतला, त्यानेच विनंती करायची असते. हप्ते बाकी असतील तर विनंती फेटाळली जाते. ती मंजूर झाली की आयफोन वाय-फायला जोडून पुन्हा एकदा सेट करावा लागू शकतो.

इथल्या दुकानात "दोन हजारांत अनलॉक करून देतो" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा सिमखाली एक पातळ चिप चिकटवतो. ती फोनला फसवून नेटवर्क मिळवते. पुढच्या अपडेटला ती बंद पडली की पुन्हा तेच चक्र. आमच्या त्या नातेवाइकांनी यात दोनदा पैसे घातले. कृपा करून घालू नका. आणि कोणी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बदलून देतो म्हणाला तर तिथून उठाच. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

सिमचा कप्पा, ई-सिम आणि ते चोवीस तास

अमेरिकेत विकले जाणारे आयफोन १४ मालिकेपासून, म्हणजे २०२२ पासून, फक्त ई-सिमवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या कार्डाऐवजी फोनमधल्याच चिपवर उतरवायच्या सिमवर चालतात. गूगलच्या पिक्सेल १०, १० प्रो आणि १० प्रो एक्सएलचे अमेरिकी फोनही तसेच. हाँगकाँगच्या बऱ्याच आयफोनांत उलट दोन खरी सिमं बसतात. म्हणून फोन कुठून येतोय हे आधी विचारा.

जिओ, एअरटेल आणि व्हीआय ई-सिम देतात. बीएसएनएलचं सिम असेल तर आपल्या भागातल्या ग्राहक सेवा केंद्रात आधीच चौकशी करा. ई-सिम घेताना फोनचा ३२ आकडी ईआयडी, म्हणजे त्यातल्या ई-सिम चिपचा क्रमांक, लागू शकतो. तो *#०६# दाबल्यावर आयएमईआयच्या सोबतच दिसतो. इथवर सगळं सोपं.

आमची घसरगुंडी पुढे झाली. सिम बदललं की पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस येतही नाहीत आणि जातही नाहीत. परस्पर सिम बदलून होणाऱ्या फसवणुकीला आळा बसावा म्हणून दूरसंचार विभागाने हा नियम केलाय आणि तो योग्यच आहे. पण मी आईचं सिम भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी ई-सिम केलं. सकाळी तिला भावाला पैसे पाठवायचे होते. ओटीपी येईना. यूपीआय ॲप नव्या फोनवर नोंदवायचं तर त्याच नंबरावरून एसएमएस जावा लागतो, तोही जाईना. दोन्ही फोन हातात आणि एकही व्यवहार होत नाही, अशी ती सकाळ गेली. दुसऱ्या दिवशी यूपीआय सुरू झालं, पण नव्या फोनवर पहिले चोवीस तास बऱ्याच बँका पाच हजारांची मर्यादा ठेवतात, तीही आडवी आली.

म्हणून हा बदल निवांत दिवशी करा. गॅसचं बुकिंग, वीजबिल, औषधं, प्रवासाचं तिकीट असलं काही दोन दिवसांत नसेल तेव्हा. घरात थोडी रोकड ठेवा. शिवाय सिम बदलल्यापासून सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही, तेव्हा कंपनी बदलायचा विचार असेल तर आधी ते उरका.

आणखी एक सांगते, कारण आईला तसा फोन आलाही होता. "तुमचं ई-सिम करून देतो, आलेला कोड सांगा" असा कॉल आला तर एक अक्षरही न बोलता ठेवून द्या. आपण स्वतः मागितल्याशिवाय कंपनी ई-सिम करायला फोन करत नाही.

पटकन ई-सिम पुसून टाकण्याची चूकही होते. नेटवर्क नाही म्हणून कोणीतरी सेटिंग्जमध्ये जाऊन 'डिलीट' दाबतं. प्लॅस्टिकचं सिम काढून पुन्हा घालता येतं, ई-सिमला पुन्हा सगळी प्रक्रिया आणि कदाचित पुन्हा तेच चोवीस तास. रेंज नसेल तर आधी फोन बंद करून चालू करा, विमान मोड लावून काढा. डिलीटला हात लावू नका.

इंटरनेट चालतं, कॉल लागत नाही

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि त्याचं कारण बहुधा साधं असतं. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, त्यामुळे तिचा कॉल बहुधा व्हीओएलटीईवरून, म्हणजे फोरजीच्याच जाळ्यावरून जातो. परदेशी फोनमध्ये भारतीय कंपनीसाठी व्हीओएलटीई सुरू नसेल तर इंटरनेट धावतं आणि कॉल मात्र लागत नाही. सेटिंग्जमध्ये व्हीओएलटीई सुरू आहे का बघा, सॉफ्टवेअर अपडेट करा. पर्यायच दिसत नसेल तर त्या मॉडेलला तो मिळण्याची आशा कमी.

बँड खरेदीआधीच जुळवायचे. जिओची फोरजी ३, ५ आणि ४० या बँडवर आहे. फाइव्हजीसाठी भारतात सर्वांत महत्त्वाचा एन७८. जिओला एन२८ ही हवा, कारण खालच्या वारंवारतेचा तो बँड भिंतींच्या आत आणि गावाबाहेर जास्त पोचतो. जिओचं फाइव्हजी स्टँडअलोन पद्धतीचं, म्हणजे फोरजीच्या आधाराशिवाय चालणारं आहे, तेव्हा फोनमध्ये ती सोयही लागते. कंपनीच्या संकेतस्थळावर अचूक मॉडेल क्रमांक टाकून ही यादी बघा. एकाच नावाचा फोन प्रत्येक देशात वेगळे बँड घेऊन विकला जातो.

वॉरंटीबद्दल थोडक्यात: सॅमसंगसह बऱ्याच अँड्रॉइड कंपन्यांची हमी ज्या देशात फोन विकला तिथपुरतीच असते. ॲपलही सेवा खरेदीच्या देशापुरती मर्यादित ठेवण्याचा हक्क राखून असते. तिकडची किंमत इथल्यापेक्षा किती कमी पडते हे मोजताना तिथला विक्रीकर धरा, आणि एक स्क्रीन स्वखर्चाने बदलावी लागेल असंही धरा. मग फरक किती उरतो ते बघा. सीमाशुल्काची सध्याची सवलत निघण्याआधी तपासा आणि बिल हातातल्या पिशवीत ठेवा.

पहिल्या दिवसांत काय बघायचं, कशाला घाबरायचं नाही

काच बसवायची घाई नको. आधी पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून ठिपके, रेषा, डाग बघा. सॅमसंगमध्ये *#०*# दाबलं की तपासणीचा तक्ताच उघडतो. गोंद ओतून अतिनील दिव्याने वाळवायची काच तर पहिल्या महिन्यात टाळाच. तो गोंद कानाच्या स्पीकरमध्ये उतरला की आवाज दबतो, आणि दोष फोनचा की गोंदाचा हे मग कोणी ठरवू शकत नाही.

माइक एकच नसतो. नेहमीचा कॉल, स्पीकरवरचा कॉल आणि व्हिडिओचं रेकॉर्डिंग असं तिन्ही करून ऐका. प्रत्येक कॅमेऱ्याने एकेक फोटो काढा, वाइडनेही. मोकळ्या जागेत नकाशा उघडून ठिकाण बरोबर दाखवतो का बघा. फोन पाण्यात बुडवून मात्र तपासू नका. खोक्यावर आयपी६८ हा पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा लिहिलेला असला तरी पाण्याने झालेलं नुकसान हमीत सहसा बसत नाही.

बॅटरी भराभर उतरते, फोन कोमट होतो म्हणून पहिल्याच दिवशी अस्वस्थ होऊ नका. जुना डेटा येत असतो, फोटोंची छाननी चालू असते, ॲप अपडेट होत असतात. तीन-चार दिवसांनी मोजा. चार्ज होताना हात लावता येणार नाही इतका तापला, तर ते वेगळं. त्याच दिवशी दुकान गाठा.

जुना फोन लगेच रिसेट करून कोणाला देऊन टाकू नका. व्हॉट्सॲपचे संवाद आले का, यूपीआयवर एक रुपया जाऊन पोचला का, बँकेचं ॲप उघडलं का, हे सगळं नव्या फोनवर झाल्यावरही महिनाभर तो जवळ ठेवा. आईचा जुना फोन अजून कपाटात आहे आणि दर रविवारी मी तो चार्ज करते. मावसभाऊ पुढच्या खेपेला काकूंसाठी फोन आणणार आहे. त्याला मी कळवून ठेवलंय की दुकानातून पाय बाहेर काढण्याआधी मला तीन फोटो हवेत: बिलाचा, अबाउटच्या पानाचा आणि मॉडेल क्रमांकाचा.