गॅस मोल्डिंग करताय? प्रेशर वाढवायच्या आधी हे बघा

आमच्या जळगावात प्लास्टिक म्हटलं की चटई नि पाईप, पण जाड हँडलचं काम आलं की गॅस लागतोच. डायमध्ये (साच्यात) माल, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक, थोडा कमी भरायचा, मग आत नायट्रोजन सोडायचा, तो गरम माल पुढे ढकलतो नि पीस आतून पोकळ होतो, वजन वाचतं, वरचे खड्डेही जातात. पण फॉल्ट आला की पहिला हात जातो प्रेशरवर, तिथंच गंडतं भो.

माझंच सांगतो. हँडलच्या टोकाला गॅस फुटून बाहेर यायचा, मी दोन तास रेग्युलेटर फिरवत बसलो, शेवटी गॅस बंद करून पाच शॉट (एका वेळी डायमध्ये जाणारा माल) काढले नि काट्यावर ठेवले तर एक 212 ग्रॅम, दुसरा 204! चेक रिंग, म्हणजे स्क्रूच्या टोकाची माल मागे जाऊ न देणारी रिंग, झिजलेली. शॉटच सारखा नाही तर गॅस काय करणार? डाय साधारण 70 ते 95 टक्के मालाने भरतात, आकडा पीसवर ठरतो. कमी भरलं तर गॅस फुटतो, जास्त भरलं तर टोकापर्यंत पोचत नाही नि तिथं खड्डा पडतो. एक पीस हॅक्सॉने उभा कापा, पोकळी कुठं संपते ते लगेच दिसतं.

गॅस उशिरा सोडला तर माल थांबला तिथं वर रेघ उमटते, फार लवकर सोडला तर फुटतो. सपाट भागात गॅसच्या बोटासारख्या रेघा शिरल्या तर बहुतेक पीसची भिंत जाड असते किंवा माल जास्त गरम.

डाय उघडायच्या आधी गॅस बाहेर काढलाच पाहिजे. भरताचं वांगं टोचे न मारता भाजलं तर कसं फुटतं, तसाच पीस फुगतो नाहीतर फाटतो. टायमर बरोबर असूनही फुगत असेल तर गॅस पिन (जिच्यातून गॅस आत-बाहेर जातो) काढून बघा, मालाने बुजलेली सापडेल.

आणि "कंप्रेसरची हवा लावू ना" म्हणणारा एकजण असतोच. शॉपच्या कंप्रेसरला 7-8 बार मिळतात, इथं 50 ते 300 लागतात, वर हवेतल्या ऑक्सिजनने गरम माल जळतो ते वेगळंच. नायट्रोजनला मात्र वास नसतो, गळती कळत नाही नि बंद खोलीत माणूस चक्कर न येताही कोसळू शकतो, म्हणून मे महिन्यात झळा लागतात म्हणून दारं लावून कूलर सुरू करायची आमची सवय त्या खोलीत चालत नाही.