व्हीयूएस वाचायला शिकताय? आधी भावकी विचारा

जेनेटिक्समध्ये एमएस्सी करून या लाईनला येणारी पोरं पहिलं हेच विचारतात की कुठलं सॉफ्टवेअर शिकू. मी सांगते, आधी वंशावळ काढायला शिका. मी कुडाळला बसून हृदयाच्या आणि स्नायूंच्या आनुवंशिक आजारांचे रिपोर्ट बघते, आणि त्यात डोकं सगळ्यात जास्त खातो तो व्हीयूएस (व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स), म्हणजे जीनमध्ये बदल सापडलाय पण आजार त्यानेच झालाय का ते ठरवायला पुरावा कमी पडतोय.

२०१५ ची एसीएमजीची, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल जेनेटिक्सच्या संस्थेची, गाइडलाईन आहे, जीनमधल्या बदलांचे पॅथोजेनिक (आजार करणारा) ते बिनाईन (निरुपद्रवी) असे पाच खाने, व्हीयूएस हा मधला. ती पाठ करत बसू नका, जुन्या केसेसवर लावून बघा.

मग नोमॅडमध्ये (लोकांच्या डीएनएतल्या बदलांचा मोठा डेटाबेस) तो बदल लोकांमध्ये किती कॉमन आहे ते बघायचं, पण दक्षिण आशियाई आकडा वेगळा काढून हां. एमवायबीपीसी३ या हृदयाच्या स्नायूच्या जीनमधलं २५ अक्षरांचं डिलीशन (डीएनएची तेवढी अक्षरं गळालेली) आपल्याकडे साधारण १०० तल्या चौघांत असतं, युरोपियन लोकांत जवळजवळ नाहीच. नुसता त्यांचा आकडा बघितला तर वाटेल केवढा दुर्मिळ बदल सापडला! टायटिनचं तर विचारूच नका, स्नायूतल्या प्रोटीनचा ३६३ एक्झॉनचा (एक्झॉन म्हणजे जीनचे कामाचे तुकडे) भलामोठा जीन, त्यात एखादं अक्षर बदललेलं कुणाकडेही निघतं. डायलेटेड कार्डिओमायोपथीत (हृदय फुगून कमजोर होण्याचा आजार) तिथे प्रोटीन अर्धवट तोडणारे बदल आधी बघा.

बदल किती घातक असेल याचा कॉम्प्युटरवर अंदाज देणाऱ्या रेव्हेल, स्प्लाइसएआय यांचे स्कोअर लागतात, पण त्यांच्या जोरावर निकाल देऊ नका. खरा पुरावा घरात असतो. डॉमिनंट आजारात (जीनच्या दोनपैकी एकाच प्रतीतल्या बदलाने होणारा) पेशंटचा बदल सख्ख्या भावाकडे असायची शक्यता नुसत्या नात्यानेच निम्मी, चुलत भावाकडे आठात एक. म्हणून आजारी चुलत भावाकडे तोच बदल निघाला तर त्याचं वजन जास्त. आणि आपल्याकडे भावकी मुंबई, पुणे, सुरत अशी पांगलेली, सगळे एकत्र गावतात ते गणपतीत, तेव्हा चाकरमानी यायच्या आधीच ईडीटीए ट्यूब (रक्त गोठू न देणारी) आणि संमतीचे फॉर्म तयार ठेवा (आरतीनंतर विचारा, जेवणाआधी कोणी ऐकत नाही).

रक्त आधी आजारी माणसांचं. विशीतला निरोगी मुलगा 'माका काय झालेला नाय' म्हणाला आणि बदल त्याच्याकडे असला तरी बदल निर्दोष ठरत नाही, कारण हे आजार कितीतरी वेळा चाळिशीनंतर दिसतात. त्याचा ईसीजी आणि इको करून घ्यायला सांगा. आणि ज्याचं ईको झालंय त्याचं सीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) सुद्धा विचारा, एलएमएनए हा जीन बिघडला तर हृदय आणि स्नायू दोन्हीकडे त्रास देतो, नुसतं कार्डिओलॉजीचं पत्र वाचलं तर अर्धी गोष्ट सुटते.

घरच्यांना 'जीन सापडला' असं बोलू नका. व्हीयूएसवरून लग्न मोडायचं नाही, गर्भाचा निर्णय घ्यायचा नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगायचं, दोनदा सांगायचं. रिपोर्टवरची तारीखही बघा, जुना असला तर क्लिनव्हारमध्ये (कुठला बदल कुठल्या खान्यात धरलाय त्याचा खुला डेटाबेस) तो बदल परत शोधा, मधल्या काळात त्याचा खाना बदललेला असू शकतो.